फिरत्या घराची चूल: गाडीत आग ठेवायची कुठे?

आजच्या भागाआधी एक घरगुती गोष्ट सांगते, कारण ती घडली नसती तर हा भागच झाला नसता.

आईबाबा दोघंही यंदा निवृत्त झाले. त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि ती सध्या पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फिरतं घर व्हायला उभी आहे. आत दोन पलंग, पाण्याची टाकी, छोटासा ओटा. उन्हाळ्यात निघायचं आणि रमतगमत लडाख गाठायचं, असा बेत. ओट्यावर काय बसवायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. वर्कशॉपवाल्या दादांनी विचारलं, "ताई, गॅस की इंडक्शन?" मला वाटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. आईला फोन लावला. ती म्हणाली, "काहीही बसव, पण झोपायच्या खोलीत मला आग नको."

आईच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, एका खोलीच्या घरात, पंपाचा स्टो भडकला होता. ती वाचली. तेव्हा 'स्टोचा भडका' हे शब्द पेपरात सारखे यायचे, आणि त्यातले सगळेच काही अपघात नसायचे. त्यामुळे तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हते. मग मी वाचायला बसले. चाकांवर स्वयंपाक करणाऱ्या लोकांनी याआधी आग ठेवली तरी कुठे?

सुरुवात करूया अमेरिकेतल्या टेक्सासपासून. साल १८६६. चार्ल्स गुडनाइट नावाचा एक पशुपालक हजारो गुरं शेकडो मैल हाकत नेत असे. सोबतच्या गुराख्यांना महिनोन्महिने रोज खायला घालायचं, तर करायचं काय? त्याने सैन्याची एक जुनी मजबूत घोडागाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला एक लाकडी कपाट बसवलं. कपाटाला खण आणि कप्पे. कपाटाचं दार खाली पाडलं की त्याचाच ओटा व्हायचा. पीठ, कॉफी, घेवडा, औषधं, सगळं ठरलेल्या जागी. गाडी कितीही हिंदकळली तरी काही सांडायचं नाही. याला म्हणतात चकवॅगन. आजच्या कॅराव्हॅनमधला ओटा, त्याचे खटक्याने बंद होणारे ड्रॉवर, हे सगळं याच कपाटाच्या वंशातलं.

पण एक गोष्ट बघा. या गाडीत चूल नव्हती. सामान गाडीत आणि आग जमिनीवर. बिडाचं जाड भांडं निखाऱ्यांवर ठेवायचं, झाकणावरही निखारे टाकायचे. गाडीच्या पोटाखाली एक कातडं झोळीसारखं बांधलेलं असायचं, त्यात वाटेत सापडलेली लाकडं आणि वाळलेलं शेण गोळा करायचं. लाकूड नसलेल्या माळरानावर आपल्या गोवऱ्यांसारखंच इंधन!

आता इंग्लंडला जाऊ. १८८५. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. त्यांनी हौसेखातर एक आलिशान घोडागाडी बांधून घेतली. नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. निव्वळ मौजेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून आज तिचंच नाव घेतात. आत पुस्तकांचं कपाट, सोफा, आणि मागच्या छोट्या खोलीत रॉकेलवर चालणारी वातीची शेगडी. इथे आग घरात आली. इंग्लंडचा पाऊस बघता ते साहजिकच होतं.

वातीच्या शेगडीची अडचण आपल्या आज्यांना विचारा. काजळी! भांडी काळी, भिंती काळी, आणि आच मंद. यावर उपाय निघाला स्वीडनमध्ये. १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वात काढूनच टाकली. टाकीत पंपाने हवा भरायची, दाबाने रॉकेल वर चढणार, तापलेल्या नळीत त्याची वाफ होणार, आणि ती वाफ पेटणार. निळी ज्योत, काजळी नाही, आच जोरदार. हाच प्राइमस. १९११ साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा प्राइमस त्याच्या सामानात होता. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी यांच्या मोहिमेतही एव्हरेस्टवर तो होता. आणि काकडा पेटवून, पिन मारून, फरफर आवाज करत जो स्टो आपल्या चाळींमधून पेटायचा, तो याच घराण्यातला. म्हणजे आईच्या हातावरचा डाग आणि दक्षिण ध्रुवावरचं गरम जेवण, दोन्हींच्या मागे एकच युक्ती आहे: दाबाखाली कोंडलेलं इंधन. दाब नीट राहिला तर जेवण, बिघडला तर भडका.

मग आला गॅस. अमेरिकेत १९१०च्या सुमारास वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की, पेट्रोलमधून उडून जाणारी वाफ वेगळी काढून दाबाखाली द्रवरूपात साठवता येते. तोच आपला एलपीजी. मुंबईत तो १९५५ साली 'बर्शेन' नावाने आला. कॅराव्हॅनवाल्यांना तर हे वरदानच वाटलं. पंप नाही, काकडा नाही, बटण फिरवलं की ज्योत. इतकंच काय, स्वीडनमधल्याच प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली असा फ्रिज शोधला की जो ज्योतीवर चालतो. हो, आगीवर थंड होणारा फ्रिज! आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन फिरत असतात, मोटर नसते. परदेशातल्या कॅराव्हॅनमध्ये हे फ्रिज गॅसवर चालतात. फक्त गाडी सपाट जागी उभी करावी लागते, नाहीतर आतला द्रव फिरत नाही.

गॅसचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून कॅराव्हॅनमध्ये सिलिंडरची पेटी आतून हवाबंद करतात आणि तिच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक ठेवतात. गळका गॅस गाडीखाली पडून जावा म्हणून.

त्याला वास तरी असतो, मुद्दाम मिसळलेला. ज्याला वासच नाही, त्याचं काय?

१९३४. अमेरिकन दर्यावर्दी रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकावर एका छोट्या झोपडीत हिवाळाभर एकटा राहिला, हवामानाच्या नोंदी घ्यायला. मुख्य तळ दोनशे किलोमीटर लांब. मे महिन्याच्या शेवटी तो कोसळला. शेगडीचं धुराडं नीट नव्हतं, रेडिओसाठी लागणाऱ्या इंजिनचा धूरही कोंडत होता. कार्बन मोनॉक्साइड हळूहळू त्याच्या अंगात भिनत होता. शेगडी पेटवली तर विष, विझवली तर गोठून मरण. त्याने तळावर काही कळवलं नाही, कारण त्या काळोखात सोडवायला येणारेच मेले असते. पण त्याचे रेडिओवरचे संदेश अडखळायला लागले आणि तळावरच्या माणसांना शंका आली. ऑगस्टमध्ये तिघं जण ट्रॅक्टरने त्याच्यापर्यंत पोचले. तो वाचला.

हे वाचलं आणि मी वर्कशॉपमधल्या त्या मिनीबसचा विचार केला. थंडीत सगळ्या खिडक्या बंद, पलंगापासून शेगडी तीन फुटांवर, आणि ऊब हवी म्हणून कुणीतरी बर्नर चालूच ठेवलेला. आईचं वाक्य आठवलं. ती घाबरत नव्हती, बरोबर बोलत होती.

मग सरळ इंडक्शन? थांबा, जरा हिशेब करू. इंडक्शनमध्ये ज्योत नसते. चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो, म्हणून तळ लोखंडाचा किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलचा हवा. साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. आता वीज. शंभर अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीत साधारण सव्वा युनिट मावतं. दोन वेळची खिचडी, तीन वेळा चहा, थोड्या पोळ्या, की संपली. उलट पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये चौसष्ट युनिटांइतकी उष्णता असते. गॅसची बरीच उष्णता भांड्याबाहेर वाया जाते हे धरलं, तरी तो सिलिंडर अशा तीसहून जास्त बॅटऱ्यांना भारी पडतो. छतावर सोलर आहे, गाडी चालताना बॅटरी चार्जही होते. पण दोन दिवस ढग आले आणि गाडी एका जागी उभी राहिली, तर जेवण कशावर करायचं?

आणि लडाख! १८३५ साली चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता. एका रात्री बटाटे रात्रभर उकळत ठेवले, तरी सकाळी कच्चेच. सोबतच्या माणसांनी निष्कर्ष काढला की हे नवं भांडंच शापित आहे. खरं कारण असं की उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. लेहला ते ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे डाळ शिजवायची तर कुकर हवाच. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडणारं भांडं दाखवलं, ते आपल्या कुकरचं मूळ. आणि कुकर लवकर शिजवतो, म्हणजे बॅटरीही वाचवतो. दोन शिट्ट्या झाल्या की बंद करून जाड चादरीत गुंडाळून ठेवायचा, उरलेलं काम आतली वाफ करते.

तर असं ठरलंय. आत इंडक्शन आणि चुंबक चिकटणारा स्टीलचा कुकर. गॅसही घेतलाय, पण त्याची एकच शेगडी मागच्या दारात सरकत्या फळीवर बसवलीय. फळी बाहेर ओढली तरच ती पेटवायची. सिलिंडरची पेटी बाहेरूनच उघडते. आणि पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, कुणी कितीही हसलं तरी. तुम्ही भाड्याने कॅम्परव्हॅन घेणार असाल, तर टीव्ही केवढा आहे हे विचारायच्या आधी हा अलार्म आहे का ते विचारा.

बाबांना मागच्या दाराचं डिझाइन दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे दीडशे वर्षांनी फिरून त्या गुराख्याच्याच गाडीवर आलो की आपण!" बरोबरच आहे. सामान आत, आग बाहेर.

आईने फोटो मोठा करून शेगडी नीट पाहिली. मग विचारलं, "काकडा लागणार नाही ना?" नाही म्हटलं. "मग पोळ्या मी करीन," म्हणाली.

तुमच्या घरी स्टो होता का? आईला, आजीला विचारा, आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकूया. काळजी घ्या, आणि झोपताना खिडकीची एक फट उघडी ठेवा.