नाबोथचा खटला आणि दोन साक्षीदार

खोट्या साक्षीचा विषय निघाला, की आपणांस प्रथम आठवते ती आठवी आज्ञा. ती मोडली गेल्यावर समाजाचे काय होते, हे मात्र बायबल एका खटल्याच्या हकिकतीतून सांगते. तो खटला इज्रेल नगरातील नाबोथचा. 'राजे' या ग्रंथाच्या पहिल्या भागात, एकविसाव्या अध्यायात तो आला आहे.

अहाब राजाला इतिहासाचाही आधार आहे. अश्शूरचा सम्राट तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ मधील कर्करच्या लढाईच्या संदर्भात त्याच्या सैन्याचा उल्लेख आढळतो. इज्रेलच्या परिसरात खडकात कोरलेले प्राचीन द्राक्षकुंड २०१३ साली उत्खननात उघडे झाले. ते नाबोथचेच, असे म्हणता येणार नाही. पण त्या मातीत द्राक्षे पिकत होती, एवढे त्यावरून दिसते.

राजवाड्यालगतचा मळा अहाबला हवा होता. बदल्यात अधिक चांगला मळा अथवा रोख किंमत देण्यास तो तयार होता. नाबोथने नकार दिला. मोशेच्या नियमशास्त्रानुसार भूमी परमेश्वराची; वाडवडिलांचे वतन कायमचे विकण्याचा अधिकार वारसालाही नव्हता. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने, त्याची मोहोर उठवून, नगरातील वडीलजनांना पत्रे धाडली. उपास जाहीर झाला, सभा भरली, दोन अधम माणसे नाबोथसमोर बसविण्यात आली. त्याने देवाची व राजाची निंदा केली, अशी साक्ष झाली आणि गावाबाहेर नेऊन त्याला दगडमार करण्यात आला.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. एकाच्या साक्षीवरून कोणाला देहान्त शिक्षा देऊ नये, असा नियम होता. ईजबेलने मोजून दोन साक्षीदार उभे केले. कायद्याचे बाह्यरूप पाळून हा खून झाला. 'अनुवाद' ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आणखी एक तरतूद आहे. न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि साक्ष खोटी ठरल्यास आरोपीसाठी योजलेली शिक्षा साक्षीदारालाच द्यावी. इज्रेलमध्ये ही चौकशी झालीच नाही.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. तेथेही साक्षीदार दोनच, तेही प्रतिष्ठित न्यायाधीश. तरुण दानिएलने त्यांना एकमेकांपासून दूर नेऊन एकच प्रश्न विचारला : घटना कोणत्या झाडाखाली घडली? उत्तरे जुळली नाहीत. सुसान्ना वाचली, तिच्यासाठी ठरलेला मृत्यू साक्षीदारांच्या वाट्याला आला.

नाबोथसाठी असा प्रश्न विचारणारा कोणी निघाला नाही. एलिया संदेष्टा आला, तेव्हा राजा मळ्याचा ताबा घेत होता. अहाब पस्तावला, म्हणून त्याच्या घराण्यावरील अरिष्ट पुत्राच्या काळापर्यंत लांबले. पुढे येहूने अहाबपुत्र योराम राजाचे प्रेत नाबोथच्याच शेतात टाकविले. ईजबेललाही इज्रेलमध्येच मरण आले. त्या दोन साक्षीदारांचे आणि वडीलजनांचे पुढे काय झाले, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. खोटे बोलणारे दोघेच होते. पत्रे वाचलेल्या वडीलजनांना ते खोटे ठाऊक होते; उरलेल्या सभेने काही विचारले नाही. आठवी आज्ञा केवळ बोलणाऱ्यासाठी आहे, असे आपण मानत असू, तर इज्रेलची ती सभा आपण पुन्हा एकदा आठवावी.