लॅटिन नावे, जर्मन देह

जर्मन भाषेत शरीराला ‘क्योर्पर’ म्हणतात. हा शब्द मूळचा जर्मन नव्हे. लॅटिन ‘कॉर्पुस’चेच ते रूप. मध्ययुगात तो जर्मन भाषेत रुजला आणि जुने शब्द मागे सरले. ‘लाइशनाम’ याचा पूर्वीचा अर्थ ‘शरीर’ असा होता. आज तो केवळ प्रेताला लावला जातो. परंतु पोप चौथे अर्बन यांनी १२६४ साली साऱ्या ख्रिस्तसभेला लावून दिलेल्या ख्रिस्तशरीराच्या सणाला जर्मन भाविक आजही ‘फ्रोनलाइशनाम’, म्हणजे ‘प्रभूचे शरीर’, असेच म्हणतात. व्यवहारात हरवलेला अर्थ उपासनेने असा जपून ठेवला.

अवयवांची जर्मन नावे तीन वाटांनी आली. हृदयाचे ‘हेर्त्स’ आणि यकृताचे ‘लेबर’ ही घरचीच. स्नायूचे ‘मुस्केल’ हे लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून उसने घेतलेले, त्याचा मूळ अर्थ ‘लहानसा उंदीर’! तिसरी वाट भाषांतराची. लॅटिन ‘क्लाविकुला’ म्हणजे छोटी किल्ली, म्हणून गळ्याजवळचे हाड जर्मनमध्ये ‘किल्लीचे हाड’ झाले. जठरालगतच्या आतड्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी मानली गेली; म्हणून ते ‘बारा बोटांचे आतडे’ ठरले.

बाझल विद्यापीठात १५२७ साली पॅरासेल्ससने जर्मनमधून व्याख्याने दिली, तेव्हा विद्वानांचा रोष ओढवला. त्याच नगरात १५४३ साली व्हेसॅलियसचा शरीररचनेवरील महाग्रंथ लॅटिनमध्ये छापला गेला. त्याच्या संक्षेपाची जर्मन आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. पुढे एकाच अवयवाला अनेक नावे पडून गोंधळ माजला. अखेर १८९५ साली बाझल येथेच शरीररचनाशास्त्रज्ञांनी सुमारे पाच हजार लॅटिन नावांची एक यादी संमत केली.

या यादीमुळे देशोदेशींचे वैद्य एकमेकांना समजू लागले, हा तिचा मोठाच उपकार. परंतु रुग्ण मात्र बाहेर राहिला. अपेंडिक्सच्या दुखण्याला सामान्य जर्मन माणूस ‘आंधळ्या आतड्याची सूज’ म्हणतो. वस्तुतः सूज येते ती त्या आतड्याला लोंबणाऱ्या कृमीसारख्या शेपटाला. वैद्याच्या कागदावर एक नाव, रुग्णाच्या तोंडी दुसरे.

ही दरी लहान नव्हे. शस्त्रक्रियेला संमती देणाऱ्याला आपल्या देहाचे काय होणार हे कळलेच पाहिजे. म्हणूनच जर्मनीत २०१३ साली झालेल्या कायद्याने रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे वैद्यांवर बंधनकारक केले. विद्येला समान भाषा हवी, हे खरे. पण ज्याचा देह, त्याला त्याचा अर्थ कळावा, हे त्याहून खरे.