एसीचे ३५ अंश कुठून आले?



मागच्या एप्रिलची गोष्ट. माझा आतेभाऊ कुरुळीत राहतो, चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. थर्ड शिफ्ट असली की तो सकाळी आठला खोलीवर येतो आणि जग जेव्हा सगळ्यात जास्त तापलेलं असतं तेव्हा झोपायला बघतो. तिसरा मजला, वर पत्रा, पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग. दोन उन्हाळे काढले, मग हप्त्यावर दीड टनाचा एसी घेतला. दुपारी दोनला खोली ३१ अंशांच्या खाली येईना. मेकॅनिक आला, "गॅस कमी झालाय" म्हणाला, गॅस भरला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३१.

भावाने मला विचारलं, कारण घरात फिजिक्स शिकलेला मीच. मी ऐटीत निदान केलं: "मशीन खराब आहे, बदलून माग." मी चुकलो होतो. मशीन ठीक होतं. मी त्याच्यावरचा आकडा नीट वाचला नव्हता. आजची पोस्ट त्या आकड्याच्या इतिहासाबद्दल आहे. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल किंवा पीएचडीचा विषय शोधत असाल, तर हा मुद्दा पुढे खूप उपयोगी पडेल.

'टन' म्हणजे काय?

दीड टन हे एसीचं वजन नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. मग काय आहे? तो बर्फाचा हिशोब आहे. यंत्रं येण्याआधी थंडावा बर्फाच्या रूपात विकला जायचा. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ जहाजाने मुंबईत यायचा. अगदी १९३४ मध्येसुद्धा मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलचा 'वातानुकूलित' डबा बर्फाच्या लाद्यांवरून हवा फिरवून गार केला जायचा.

यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाचा साधा प्रश्न होता: हे किती बर्फाचं काम करेल? एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पाउंड (सुमारे ९०७ किलो) बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टन क्षमता. एक किलो बर्फ ३३४ किलोज्यूल घेतो. गुणाकार-भागाकार करून पाहा, साधारण ३.५ किलोवॅट येईल. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅट.

इथे एक गंमत आहे. बर्फाची लादी कुठेही ठेवा, ती वितळताना तेवढीच उष्णता घेते. चंद्रपुरात वितळो वा महाबळेश्वरला, हिशोब तोच. यंत्राचं तसं नाही. यंत्राला खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकावी लागते, त्यामुळे बाहेर किती तापलंय यावर त्याची ताकद ठरते. आपण एकक बर्फाचं ठेवलं आणि वस्तू बदलली. म्हणून 'दीड टन' ऐकलं की तो आकडा पक्का, न बदलणारा वाटतो.

मग ३५ अंश कुणी ठरवले?

एसीचा जन्मही माणसासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची छपाई सरकायची. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रॅमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने वापरला, तोही सुतासाठी. माणसांची सोय नंतर आली.

घरोघरी यंत्रं जायला लागली तेव्हा दोन कंपन्यांच्या यंत्रांची तुलना करायला एक ठरलेली परिस्थिती हवी होती. अमेरिकेत ती ठरली अशी: बाहेर ९५ अंश फॅरनहाइट, आत ८०, आणि आतलं ओल्या फडक्याचं तापमान (वेट बल्ब) ६७. आता हे सेल्सिअसमध्ये करा: ३५, २६.७ आणि १९.४. मग आयएसओ ५१५१ या आंतरराष्ट्रीय मानकातली 'टी-१' परिस्थिती बघा: बाहेर ३५, आत २७, वेट बल्ब १९. भारताच्या आयएस १३९१ मध्येही क्षमतेची चाचणी आत २७, बाहेर ३५ अशीच. अमेरिकेतल्या उन्हाळ्याची एक दुपार राउंड-ऑफ होऊन आपल्या भिंतीवर आली आहे. याच मानकात उष्ण प्रदेशांसाठी 'टी-३' आहे, बाहेर ४६ अंश. आखाती देशांत विकली जाणारी यंत्रं त्यावर तपासली जातात.

आपल्याकडे स्टार लेबल २००६ मध्ये सुरू झालं, २०१० पासून रूम एसीला सक्तीचं झालं. पुढे 'आयसीअर' हा वर्षभराच्या सरासरीचा निर्देशांक आला. त्यात २४ ते ४३ अंशांपर्यंतचे १६०० तास धरले आहेत. ऐकायला छान. पण ४३ च्या जवळचे तास त्यात अगदी थोडे आहेत, आणि गणिताचा पाया ३५ अंशांवर मोजलेले आकडे हाच आहे. विजेची वर्षभराची बचत मोजायला हे योग्यच आहे. फक्त "मे महिन्यात दुपारी दोनला काय?" हा प्रश्न त्या लेबलला कुणी विचारलेलाच नाही.

४५ ला नेमकं काय होतं?

कार्नो आठवतोय ना? आतली कॉइल ७ अंशांवर (२८० केल्विन) धरा. बाहेरची कॉइल हवेपेक्षा साधारण १५ अंशांनी गरम असावी लागते, नाहीतर उष्णता बाहेर जाणारच नाही. बाहेर ३५ असताना फरक ५० उणे ७, म्हणजे ४३. आदर्श सीओपी २८० भागिले ४३, म्हणजे ६.५. बाहेर ४५ झाले की फरक ५३ आणि सीओपी ५.३. एकोणीस टक्के घट, तीसुद्धा आदर्श यंत्रात.

आता दुसरी बाजू. खोली २५ ला ठेवायची आहे. बाहेर ३५ असताना भिंतीच्या दोन्ही बाजूंतला फरक १० अंश, ४५ ला २०. म्हणजे भिंतीतून आत येणारी उष्णता दुप्पट! आणि पत्रा हवेच्या तापमानाला थांबत नाही, उन्हात तो त्याच्या कितीतरी वर जातो. यंत्राची ताकद कमी होते नेमकी तेव्हा, जेव्हा काम वाढलेलं असतं.

'गॅस'चाही इतिहास यात आहे. जुन्या आर-२२ चं क्रांतिक तापमान ९६ अंश. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनसाठी तो हळूहळू काढावा लागला, आणि ते गरजेचंच होतं. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए चं क्रांतिक तापमान सुमारे ७१, तर सध्याच्या आर-३२ चं ७८. कंडेन्सर ६० च्या पुढे गेला की आर-४१०ए क्रांतिक बिंदूच्या जवळ पोचतो आणि त्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता झपाट्याने घटते. म्हणूनच २०१५ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने पर्यायी वायूंची चाचणी मुद्दाम ५५ अंशांपर्यंत नेली होती.

पण कुरुळीत ४५ कुठे होतं?

बरोबर प्रश्न. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेतला विक्रम ४३.३ अंशांचा आहे, ३० एप्रिल १८९७ चा. २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३.० वर गेला होता. पण वेधशाळेचा थर्मामीटर असतो पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, मोकळ्या जागेत, सावलीत. भावाचं आउटडोअर युनिट होतं दोन बिल्डिंगमधल्या हातभर बोळात, आणि तिथेच शेजाऱ्यांची आणखी चार युनिट एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडत होती. मोबाइल ४१ दाखवत होता, मी युनिटमागे लावलेला थर्मामीटर ४८. त्या यंत्रासाठी हवामान होतं ४८ अंशांचं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते. भाऊ ज्या कारखान्यात काम करतो तिथे गेज ठेवायची आणि पार्ट मोजायची खोली बारा महिने २० अंशांवर असते. लांबी मोजण्याचं संदर्भ तापमान १९३१ पासून २० अंश आहे, आणि ते पाळलं नाही तर मायक्रॉनचा हिशोब चुकतो. स्टीलच्या तुकड्याला कुठलं तापमान हवं यावर जगाचं एकमत आहे. रात्रभर तो तुकडा मोजणारा माणूस दुपारी कुठल्या तापमानात झोपतो, याचं मानक नाही.

शेवटी काय केलं?

युनिट बोळातून काढून गच्चीवर उत्तरेच्या बाजूला, सावलीत, चारही बाजूंनी हवा लागेल असं बसवलं. पत्र्याला पांढरा रंग मारला. आता दुपारी खोली २८ पर्यंत येते आणि भाऊ पाच तास सलग झोपतो. पण आम्ही दोन्ही कामं एकाच रविवारी केली, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही. माझ्या गाइडना हे कळलं तर माझं काही खरं नाही. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि लिटरेचर रिव्ह्यू करताना कुठलाही आकडा दिसला, क्षमता असो, कार्यक्षमता असो, औषधाचा परिणाम असो, तर वहीत त्याच्या शेजारी एक रकाना आखा: 'कुठल्या परिस्थितीत मोजला?' त्याच्या पुढे दुसरा: 'ती परिस्थिती कुणी, कधी, कशासाठी ठरवली?' हे दोन रकाने मी आधी आखले असते, तर भावाला चुकीचा सल्ला दिला नसता.