घाट पाहून वाहन

परवा कॅनडातल्या आमच्या भाच्याचे पत्र आले. क्षेमकुशल झाल्यावर त्याने एक नवलाची गोष्ट विचारली होती. बर्फावरून पळणारी मोटार-गाडी त्याला घ्यायची आहे. १९५९ साली क्वेबेकच्या बोंबार्डिए नावाच्या माणसाने असली हलकी गाडी बाजारात आणली, तेव्हापासून तिचे पुष्कळ प्रकार झाले. रानातल्या अरुंद वाटेला हलकी आणि चपळ लागते. भुसभुशीत खोल बर्फात लांब पट्ट्याची, नाहीतर ती रुतते. "मामा, तुमचे मत कळवा," असे त्याने लिहिले होते. ज्याने बर्फ शीतकपाटातच पाहिला, त्याचे मत! पण मी मुरबाडचा. वाट पाहून वाहन निवडावे, एवढे मला आमच्या घरच्या एका जुन्या गोष्टीने चांगले शिकविले आहे.

आमच्या तालुक्यात पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. घोंगड्यांची दुकाने, पाळणे, मिठाई हे सगळे असते. पण जाणत्यांचे लक्ष गुरांच्या बाजारावर. दात मोजायचे, खांदा दाबायचा, चार पावले चालवून पाहायचे आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायचा. अशाच एका जत्रेत आमच्या आजोबांना खिलारी जोडी भावली. पांढरीशुभ्र, उंच शिंगांची, वाऱ्यासारखी पळणारी. आमचा जुना गडी हळूच म्हणाला, "आबा, ही जोडी सडकेची हाय. आपलं श्यात चिखलाचं." आबांनी ऐकले नाही. एक भाताचे खाचर गहाण पडले आणि जोडी दारात आली.

खिलार हे माणदेशाकडचे, कोरड्या हवेचे जनावर. आमच्याकडे जून लागला की आभाळ फाटते. चिखलणीत गुडघाभर रुतलेले ते बैल बिचकले. श्रावणात एकाचे खूर सडले, दुसरा बांधावरून घसरला तो पुन्हा नीट उभा राहिला नाही. गहाण पडलेले खाचर काही परत आले नाही. पुढच्या जत्रेत आबांनी मुकाट्याने डांगी जोडी आणली. ठिपक्याठिपक्यांची, दिसायला साधी, चालीला मंद. पण खूर काळे आणि टणक, कातडी तेलकट, पाऊस अंगावरून ओघळून जायचा. डांग, इगतपुरी, अकोले या पावसाळी मुलखात घडलेले ते जनावर. गड्याने त्यानंतर एक शब्दही बोलून दाखविला नाही, हे मला त्याचे मोठेपण वाटते.

हाच हिशेब आमच्या घाटांनी दोन हजार वर्षे मांडला आहे. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून पाहा. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. राजकुळाच्या मूर्तींची आता पावले तेवढी उरली आहेत. यज्ञांच्या दक्षिणेत गाई, हत्ती, घोडे आणि घोड्यांचा रथ दिल्याचे त्या लेखात आहे. गंमत अशी, की ज्या घाटात रथाचे दान कोरले, त्या घाटाने रथ कधी चढला नसता! तिथे दगडी पायऱ्या. कल्याण बंदराचा माल जुन्नरला जायचा तो जनावरांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. चाकाला तिथे वावच नाही.

पुढे चाक आले ते आगगाडीचे, आणि त्याने दोन शेजारी तालुक्यांचे नशीब वेगळे केले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या बेतात दख्खनवर चढायला आमचा माळशेज घाट होता, हे आज मुरबाडमध्येही फार थोड्यांना ठाऊक असेल. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने डोंगर तपासले आणि माळशेज सोडून थळ व भोर हे घाट धरले. झाले! शहापूर तालुक्यात १८५५ साली वासिंदपर्यंत गाडी आली, १८६० मध्ये आसनगाव, १ जानेवारी १८६१ ला कसारा. थळ घाट फोडून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडले. मुरबाडला आगगाडी अजून आलेली नाही. बर्कलेला दोष देणे बरोबर नाही. त्याने घाट पाहिला, माणसे पाहणे त्याचे काम नव्हते.

थळ घाटाचा चढ तरी काय थोडा आहे? दर ३७ फुटांना १ फूट. अजूनही कसाऱ्याला चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला बँकर इंजिने लागतात. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली, तेव्हा मालगाड्यांसाठी मुद्दाम सांध्यांच्या अंगाची इंजिने आणली. वळणावर अंग मुडपून जाणाऱ्या त्या धुडाला रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत. मंद, पण दमदार. आमच्या डांगी बैलाचे भाऊबंदच म्हणा ना. उतारूंच्या वेगवान गाड्यांना निराळी इंजिने होती.

भाच्याला मी एवढेच कळविले, की आधी तुझ्या गावचा बर्फ भुसभुशीत की घट्ट ते नीट पाहा, आणि गाडी देखणी आहे म्हणून भुलू नकोस.

एक वाहन मात्र पत्रात लिहिले नाही. शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांना आजही धड रस्ता नाही. पावसाळ्यात कुणी बाई अडली, कुणाला पान लागले, की चादरीची झोळी बांबूला बांधून दोघे खांदा देतात आणि सडक गाठतात. एकदा मीही अशा झोळीबरोबर चाललो आहे. निघण्यापूर्वी तिथेही निवड झाली: उतारावर उंच माणूस पुढे, ठेंगणा मागे, म्हणजे झोळी समपातळीत राहते.