प्रायोजक आकाशवाणीवर आले त्याची गोष्ट

आकाशवाणीने जाहिराती घ्यायला सुरुवात केली ती 1 नोव्हेंबर 1967ला, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. दिल्ली, मद्रास, कलकत्ता सगळी मागून आली. आपल्या मुलखाला मिळालेल्या या पहिलेपणाचं मला अजून अप्रूप आहे. पुढे मी मुंबईतल्या एका जाहिरातसंस्थेच्या रेडिओ विभागात मराठी मजकूर लिहायला लागले. तिथल्या जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र सतत नाव असायचं ते कोलंबोचं.

त्याचं मूळ 1952मध्ये आहे. त्या वर्षी बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आकाशवाणीने अभिजात संगीत घरोघरी न्यावं, हा त्यांचा ध्यास होता. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि कितीतरी गवय्यांना त्यामुळे देशभरचा श्रोता मिळाला. ते श्रेय मी त्यांना मनापासून देते. पण सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली, आणि लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या कोलंबोच्या केंद्राकडे फिरवला.

रेडिओ सिलोनकडे युद्धकाळातला जबरदस्त शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता आणि जाहिरातींना मज्जाव नव्हता. सिबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टने ‘गीतमाला’ हा सिनेगीतांचा कार्यक्रम प्रायोजित केला आणि 1952च्या अखेरीस दर बुधवारी रात्री आठला निवेदक अमीन सयानींचा आवाज घराघरांत घुमू लागला. ध्वनिमुद्रण व्हायचं मुंबईत, फिती जायच्या कोलंबोला. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी सांगत. गाणी मुंबईची, निवेदक मुंबईचा, श्रोते भारतातले; जाहिरातीचा पैसा मात्र समुद्रापार.

1957मध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी परत आली, पण जाहिरातींना आणखी दहा वर्षं दार बंदच राहिलं. 1966मध्ये सरकारने नेमलेल्या चंदा समितीने व्यापारी प्रसारणाची शिफारस केली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी ते उघडलं.

सुरुवातीला फक्त स्पॉट होते, म्हणजे गाण्यांच्या मधे काही सेकंदांची जाहिरात. प्रायोजित कार्यक्रम 1970पासून आले. त्यात कार्यक्रम बनवण्याचा खर्च आणि प्रसारणाच्या वेळेचं भाडं, दोन्ही कंपनीचं. बदल्यात तिची जाहिरात त्या कार्यक्रमात. सगळा मजकूर आधी आकाशवाणीकडून मंजूर करून घ्यावा लागे. सिगारेट आणि दारू यांना थारा नव्हता, पैसे कितीही मिळणार असले तरी. ही अट मला तेव्हाही योग्य वाटायची, आजही वाटते.

‘सॅरिडॉन के साथी’, ‘इन्स्पेक्टर ईगल’, ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’: नुसती नावं वाचली तरी कोण पैसे देतंय ते कळतं. ईगल म्हणजे आपल्या तळेगावची थर्मास बनवणारी कंपनी. तिच्यापायी अख्ख्या डिटेक्टिव्हचंच नाव ईगल ठेवलं गेलं. विनोद शर्मांचा तो इन्स्पेक्टर गुन्हेगार कसा पकडतो हे ऐकायला पोरं जेवण सोडून रेडिओपाशी बसत. कार्यक्रम सकस होता म्हणून नाव टिकलं. नाटिका फसली असती तर थर्मासचं नाव शंभर वेळा घेऊनही कुणी कान दिला नसता.

त्याच काळात मुंबई केंद्राच्या मूळ वाहिनीवर शेतकऱ्यांचे, कामगारांचे कार्यक्रम चालत, ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतल्या टेकाडे भावजींवर घराघरांत चर्चा होई. त्यामागे कुणी प्रायोजक नव्हता. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स दरवर्षी नवं करायचं, तो आपला पैसा त्यामागे होता. आमच्या विभागात कार्यक्रम निवडताना पहिला प्रश्न असे, किती लोक ऐकतात. कापसावरच्या बोंडअळीची माहिती कुणी प्रायोजित करायला आल्याचं मला आठवत नाही. आणि तसा कार्यक्रम ऐकणारा माणूस काही कमी गरजू नव्हता.

1980च्या दशकात मूळ वाहिन्यांवरही जाहिराती आल्या आणि रेडिओचं लायसन्स रद्द झालं. घरोघरी लोक खूश झाले. मला मात्र तेव्हापासून एक काळजी लागून राहिली: लायसन्सचे पंधरा रुपये भरणारा श्रोता हक्काने पत्र लिहून जाब विचारत असे, आता तो कशाच्या बळावर विचारणार?