कुत्रा कोणत्या रानाचा? हातखंब्याहून मुधोळपर्यंत

आजचा भाग कुत्र्यांवर आहे, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून.

आमचं हातखंबा म्हणजे तिठा. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीचा रस्ता इथेच फुटतो. पुढे पाली, साखरपा करत आंबा घाट चढलात की देश. त्या घाटावरून मी कारवानी जातीचं पिल्लू आणलं. उंच, सडपातळ, बघत राहावं असं. वर्षभर ते अंगणात साखळीला होतं. मग दोरी चावणं, चपला फाडणं सुरू झालं. घरचे म्हणाले, "कुत्रं वाईट निघालं." मला तेव्हा त्याचा इतिहास माहीत नव्हता.

कारवानी आणि मुधोळ ही एकाच घराण्यातली नावं. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान घोरपड्यांचं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्यांनी जोडी भेट दिल्याचं सांगतात. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांवर चालतो. उघड्या माळावर ससा लांबून दिसला की सुटायचं आणि वेगात गाठायचं, हे त्याचं काम. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर, सगळं त्यासाठीच.

आता आपलं कोकण बघा. उतार, करवंदीच्या जाळ्या, दहा पावलांपुढचं दिसत नाही. तिथे नजर काय कामाची? इथल्या पारधीत हाकारे रान उठवायचे आणि सोबत गावठी कुत्री. वास काढायची, भुंकून डुक्कर अडवून धरायची. म्हणजे जमीन बदलली की कुत्र्याचं कसबही बदललं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण कायद्याने कुत्र्याच्या अंगातली धाव थोडीच जाते? मुधोळला दुसरं काम देण्याचे प्रयत्न झाले. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात त्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्रही आहे.

मी काय केलं? आधी त्याला सड्यावर पळवला. जांभ्याने पंजे सोलपटले, म्हणजे पुन्हा चूक माझीच. मग भात कापून मोकळा झालेला मळा सापडला. दोरीला चिंधी बांधायची, ती ओढत आपण पळायचं, मागे तो. पहाटे, ऊन चढायच्या आत, तेही थोडाच वेळ. पंधरा दिवसांत चपला शाबूत राहायला लागल्या!

शेजारच्या गावठीला ती चिंधी दाखवली तर तो जांभई देतो. पण रात्री काजूच्या बागेत काही खुट्ट झालं की पहिला तोच उठतो. आमचा वेगवान गडी तेव्हा ओसरीवर घोरत असतो.

तेव्हा पिल्लू आणण्याआधी दिसण्यावर जाऊ नका. त्याचे पूर्वज कुठल्या जमिनीवर काय करत होते ते विचारा, आणि मग आपलं अंगण बघा. भेटू पुढच्या भागात.