सायकोसिस : लक्षणे ओळखा, उपचार लवकर सुरू करा

चाकण एमआयडीसीला लागून असलेल्या कुरुळीसारख्या गावात एकेका खोलीत तीन-चार कामगार राहतात. घर मराठवाड्यात नाहीतर विदर्भात, ड्युटी पाळ्यांची. अशा ठिकाणी कोणाचे मन बिघडू लागले, तर ते आई-वडिलांच्या आधी खोलीतल्या मित्राला दिसते. म्हणून ही माहिती आम्ही तरुण कार्यकर्त्यांसाठी देत आहोत.

सायकोसिस म्हणजे काय?

खरे काय आणि मनातले काय, यातला फरक कळेनासा होणे म्हणजे सायकोसिस. स्किझोफ्रेनियात तो दिसतो; तसाच बायपोलर आजारात, तीव्र नैराश्यात, बाळंतपणानंतर आणि गांजा-दारूमुळेही दिसू शकतो. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञानेच करायचे. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो.

लक्षणे

• भास : कोणी नसताना आवाज ऐकू येणे.
• भ्रम : 'डब्यात विष कालवलंय' असा समज, जो पुरावा दाखवूनही हटत नाही.
• विस्कळीतपणा : बोलण्याला धरबंध न राहणे.
• उमेद ओसरणे : अंघोळ, बोलणे, कामाची इच्छा कमी होणे. याला लोक आळस म्हणतात.

झोप उडणे, एकटे राहणे, संशय वाढणे या आधीच्या खुणा असतात. मात्र सुपरवायझर खरोखर जातीवरून हिणवत असेल, तर तो भ्रम नव्हे. आधी नीट ऐकून घ्या.

काय करावे?

वाद घालू नका, खिल्ली उडवू नका. 'तुला भीती वाटतेय, हे कळतं' एवढे म्हणा. घरच्यांना कळवा, सोबत डॉक्टरकडे जा. पुण्यात येरवड्याला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. जिवाला धोका वाटला तर त्याला एकटे सोडू नका, थेट रुग्णालय गाठा. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद केल्या, की आजार उलटू शकतो.

'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषीकडे घालवलेले महिने परत मिळत नाहीत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

पती, मुले, आई-वडील गमावून भान हरपलेल्या पटाचारेला लोक हुसकावत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. पुढे ती थेरी झाली. आपल्या खोलीतल्या मित्रालाही आधी जवळ येऊ द्यावे, एवढेच आमचे म्हणणे.